देवगडच्या आंबा बागेसाठी वेबसाइट: ४५ हजारांचे कोटेशन घ्यावे का?

पडवीतला

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात घरची हापूसची बाग आहे. निम्मा माल वाशीला दलालाकडे जातो, उरलेला पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना फोनवर आणि व्हॉट्सॲपवर. ही थेट विक्री वाढवायची आहे. एका एजन्सीने ४५ हजारांचे कोटेशन दिले आहे. त्यात डोमेन (साइटचे नाव), होस्टिंग (साइट ठेवायची जागा), वीस पानांची वेबसाइट, ऑनलाइन पेमेंट आणि "सहा महिन्यांत गुगलच्या पहिल्या पानावर, गॅरंटीसह" असे सगळे आहे. दुसऱ्या वर्षापासून दरसाल १८ हजार.

हे पैसे वाजवी आहेत का? स्वतः करता येईल का? कॉम्प्युटर बऱ्यापैकी येतो, कोडिंग येत नाही. पेमेंट गेटवे (साइटवर कार्ड, यूपीआयने पैसे घेणारी सेवा) घ्यावा की यूपीआयचा क्यूआर पुरे? मजकूर मराठीत ठेवू की इंग्रजीत? आणि लोकांना कळणार कसे? आत्ताच गणपती झालेत, मार्चमध्ये पहिली पेटी निघेल, म्हणजे हाताशी सहाएक महिने आहेत.

घाटमाथा

"गॅरंटी" हा शब्द दिसला की कोटेशन परत पाठवावे. पहिल्या क्रमांकाची हमी कुणी देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलच सांगते. हमी देणारे बहुधा असा शब्द निवडतात जो कुणी शोधतच नाही, म्हणजे तुमच्याच बागेचे नाव. त्यावर तुम्ही पहिले येणारच, त्याचे पैसे कसले?

वीस पानांचीही गरज नाही. मुखपृष्ठ, आंबे आणि भाव, माल कुठे कसा पोचतो, बागेची माहिती, नेहमीचे प्रश्न, संपर्क, आणि परतावा-गोपनीयता वगैरे नियमांची पाने. एवढ्यात काम होते.

सगळ्यात आधी डोमेन, आणि ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या कार्डावरून घ्या. एजन्सीच्या खात्यात डोमेन राहिले की पुढे वाद झाल्यावर नाव त्यांच्या हातात अडकते. डॉट इन असो की डॉट कॉम, पहिल्या वर्षाच्या ९९ रुपयांना भुलू नका. नूतनीकरणाचा भाव बघा, तो साधारण ८०० ते १,५०० च्या दरम्यान असतो. ऑटो-रिन्यू चालू ठेवा आणि फोनवर आठवणही लावा. नाव बोलून सांगितले तर ऐकणाऱ्याला चूक न करता टाइप करता आले पाहिजे. मध्ये आडवी रेघ आणि "डब्ल्यू की व्ही" असला घोळ नको. देवनागरीतले डॉट भारत डोमेन मिळते, पण ते मुख्य पत्ता करू नका. ईमेलमध्ये आणि कुरिअरच्या फॉर्मात ते अजून सगळीकडे चालत नाही.

स्वतः करायचे असेल तर वर्डप्रेस (साइट बनवायचे सॉफ्टवेअर) आणि त्यावर वूकॉमर्स (त्याला जोडायचे दुकानाचे प्लगिन). साधे शेअर्ड होस्टिंग वर्षाला तीन ते सहा हजारांत मिळते. घेताना तीन गोष्टी विचारा: सर्व्हर भारतात आहे का, रोजचा बॅकअप आहे का, आणि तो आपला आपल्याला परत चढवता येतो का. एसएसएलचे (पत्त्यापुढच्या कुलपाचे) वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. लेट्स एन्क्रिप्टचे सर्टिफिकेट फुकट असते आणि होस्टिंगवाले ते आपोआप नवे करतात.

नवशिक्यांचे हटकून अडते अशा काही जागा सांगतो.

वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये "रीडिंग" खाली सर्च इंजिनांना साइट दाखवू नये अशी एक खूण असते. काम चालू असताना ती लावतात आणि नंतर काढायचे राहून जाते. साइट दिसायला ठणठणीत, गुगलवर मात्र नावही नाही. साइट सुरू केल्या दिवशी आधी हे तपासा.

पानाचा पत्ता मराठी शीर्षकावरून आपोआप बनू देऊ नका. देवनागरीचे प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, पत्त्यात नऊ चिन्हांचे होते आणि वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग २०० चिन्हांवर तोडते. म्हणजे बाविसेक अक्षरांत खेळ खलास. वर व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की टक्केचिन्हांची लांबलचक माळ दिसते आणि लोकांना ते फसवणुकीचे वाटते. शीर्षक मराठीत, पत्ता रोमन लिपीत आणि छोटा.

फोटो. फोनचा फोटो चार ते आठ एमबीचा असतो. तो १,६०० पिक्सेल रुंदीवर आणून वेबपी या हलक्या फाइलप्रकारात साठवा, दीडशे-दोनशे केबीत बसतो. गुगलचे मोजमाप असे, की पानावरचा सर्वात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा आणि पान उघडताना मजकूर उड्या मारू नये. पेजस्पीड इनसाइट्सवर पत्ता टाकून मोबाइलचा निकाल बघा, डेस्कटॉपचा नव्हे. गिऱ्हाईक एसटीत बसून फोनवर बघणार आहे.

ईमेल. वर्डप्रेस होस्टिंगवरून थेट मेल सोडते आणि ते स्पॅममध्ये जातात. मग "पैसे गेले, पावती नाही" असे फोन सुरू होतात. एसएमटीपी प्लगिन लावा, म्हणजे मेल खऱ्या मेल-सेवेतून जातो, आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये (नोंदींच्या यादीत) एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या, मेल तुमचाच आहे हे पटवणाऱ्या, नोंदी घाला. एसपीएफची नोंद एकाच डोमेनला एकच असावी. दोन केल्या तर दोन्ही बाद.

कॅशचे प्लगिन (रोख नव्हे, पाने साठवून ठेवून झटपट दाखवणारे) लावलेत तर कार्ट, चेकआउट आणि माझे खाते ही तीन पाने त्यातून वगळा. नाही तर एकाची पेटी दुसऱ्याच्या कार्टमध्ये दिसू शकते.

रिकामा_रकाना

घाटमाथांचे तांत्रिक मुद्दे बरोबर, पण पहिल्याच हंगामात वूकॉमर्स कशाला? वर्डप्रेसला दर महिन्याला अपडेट हवेत. एप्रिलच्या ऐन गर्दीत एखादे प्लगिन अपडेट होऊन चेकआउट बंद पडले तर बागायतदाराने काढणी बघायची की एरर लॉग?

पहिल्या वर्षी पाच पानांची स्थिर (स्टॅटिक, म्हणजे आधीच तयार पानांची) साइट करा. क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकट बसते, खर्च फक्त डोमेनचा. गिटहब पेजेसही फुकट आहे, पण त्याच्या अटींत ऑनलाइन धंदा बसत नाही, म्हणून तिकडे नको. तयार साच्यात मजकूर आणि फोटो बदलण्यापुरते कोडिंग आठवडाभरात जमते, किंवा एखाद्या कॉलेजच्या मुलाकडून एकदा करून घ्या. प्रत्येक भावासमोर "व्हॉट्सॲपवर मागवा" असे बटण. त्या लिंकमध्ये मजकूर आधीच भरून ठेवता येतो: "२ डझन, मध्यम फळ, पिनकोड:" एवढे लिहिलेले असले की गिऱ्हाईक फक्त पिनकोड टाकते आणि तुमचे चार उलटे प्रश्न वाचतात.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कॅटलॉग, लेबले आणि ठरीव उत्तरे आहेत. "पैसे आले", "आज निघाले", "पोचले" अशी लेबले लावली तर सुरुवातीला वही लागत नाही. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून पेटीत जो कागद जातो त्यावर "नंबर सेव्ह करा" हे ठळक छापा.

आणि हे कोटेशन घेऊच नका. हमी, वीस पाने आणि दुसऱ्या वर्षाचे १८ हजार, तिन्ही नको.

सोळा_आणे

पैशांचे बघू. दोघांचेही म्हणणे ऑर्डरींच्या संख्येवर अवलंबून आहे.

गेटवेचा दर साधारण २ टक्के, त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. ३,००० च्या ऑर्डरला ६० रुपये अधिक १०.८०, म्हणजे ७०.८० कटतात. शंभर ऑर्डरींना ७,०८०. बँक खात्याला जोडलेल्या यूपीआय क्यूआरला यातले काही लागत नाही. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, त्यामुळे गेटवेच्या जीएसटीची वजावटही तुम्हाला मिळणार नाही. तो निव्वळ खर्च धरा.

क्यूआरचा खरा खर्च वेळेचा आहे. पैसे कुणाचे, कशाचे, हे हाताने जुळवावे लागते, आणि खोटे स्क्रीनशॉट ही आता रोजची गोष्ट आहे. स्क्रीनशॉट पाहून पेटी बांधायची नाही. बँकेच्या ॲपमध्ये रक्कम आणि यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा बँकेचा क्रमांक) दिसला तरच. दिवसाला आठ-दहा ऑर्डरी असतील तर हे जमते. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात पस्तीस-चाळीस झाल्या की एकटा माणूस जुळवण्यातच संपतो. तिथे गेटवे स्वस्त पडतो.

गेटवे घ्यायचा तर अर्ज जानेवारीतच करा. अडतो तो केवायसीत: पॅनवरचे नाव, बँक खात्याचे नाव आणि वेबसाइटवरचे नाव यांत फरक असला की अर्ज परत. वेबसाइटवर संपर्क, अटी, गोपनीयता, परतावा आणि माल पाठवण्याचे धोरण ही पाने नसली तरी परत. दुसऱ्याच्या साइटवरून उचलून त्यातले नाव बदलायचे विसरलेले धोरण तर हमखास पकडले जाते. पैसे खात्यात यायला कामाचे दोनेक दिवस लागतात, त्यामुळे मजुरीचे रोख गणित आधी करून ठेवा. परतावा दिला तरी बहुतेक गेटवे कापलेले शुल्क परत करत नाहीत.

कॅश ऑन डिलिव्हरी देऊ नका. कपडा परत आला तर पुन्हा विकता येतो. परत आलेली आंब्याची पेटी विकता येत नाही.

कायद्याचे थोडक्यात: ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे साइटवर विक्रेत्याचे कायदेशीर नाव, पत्ता, फोन, ईमेल आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव हवे. घरचेच कुणी चालेल. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. आंबापोळी, कोकम आगळ असे काही विकणार असाल तर एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आणि तिचा १४ अंकी क्रमांक लागेल. जीआयचा (भौगोलिक मानांकनाचा) शिक्का साइटवर टाकायचा मोह होईल. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये जीआय मिळाले आणि त्यात सिंधुदुर्ग आहे, हे खरे, पण शिक्का वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी हवी. ती असेल तर क्रमांकासह टाका, नसेल तर नको.

घाटमाथा

रिकामा_रकाना, पहिल्या वर्षी स्थिर साइट हे मान्य, पण एका अटीवर: पानांचे पत्ते असे ठेवा की पुढच्या वर्षी वूकॉमर्सवर गेलात तरी तेच राहतील.

ज्यांना यंदाच दुकान लावायचे आहे त्यांनी मार्च ते मे अपडेट गोठवायचे, फक्त सुरक्षेचे तेवढे घ्यायचे, तेही बॅकअप घेऊन आणि रात्री. वूकॉमर्समध्ये आंब्यासाठी दोन गोष्टी नीट लावाव्या लागतात.

एक, पिनकोड. शिपिंग झोनमध्ये पुण्यासाठी ४११*, मुंबई-ठाण्यासाठी ४००*, नाशिकसाठी ४२२* असे लिहिता येते. झोन वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळलेला लागू होतो, म्हणून छोटा, नेमका झोन वर ठेवा. सर्वात खालच्या "उरलेली ठिकाणे" या झोनमध्ये पाठवण्याची एकही पद्धत घालू नका. मग जिथे माल धड पोचत नाही तिथली ऑर्डर चेकआउटलाच थांबते. हे केले नाही तर सिलिगुडीहून पैसे येतात आणि परत करत बसावे लागते.

दोन, साठा. वूकॉमर्स नग मोजते, डझन नाही. एक डझन, दोन डझन, पाच डझन अशा वेगवेगळ्या पेट्या केल्या तर प्रत्येकीचा साठा वेगळा धरला जातो आणि हातात माल ऐंशी डझन असताना साइट दीडशे विकते. त्यापेक्षा एक नग म्हणजे एक डझन धरा, कमीत कमी दोन आणि दोनच्या पटीत घ्यायचे अशी अट घाला, आणि रोज संध्याकाळी काढणी मोजून साठ्याचा आकडा बदला. पैसे न भरता सोडलेली ऑर्डर साठा अडवून ठेवते. ती मुदत आपोआप ६० मिनिटे असते, हंगामात २० करा.

चेकआउटवर कंपनीचे नाव वगैरे रकाने काढून टाका. मोबाइल, पिनकोड आणि जवळची खूण हे तीन सक्तीचे. पत्ता रोमन लिपीत मागा, कारण कुरिअरच्या काही सॉफ्टवेअरना देवनागरी चालत नाही आणि लेबलावर चौकोन छापले जातात.

भाषेचे: पाने मराठीत आणि इंग्रजीत वेगवेगळी करा, एकाच पानात सरमिसळ नको. प्रत्येक पानाच्या कोडमध्ये भाषेचा कोड, मराठीला एमआर, लिहिलेला असावा. त्यामुळे गुगलला भाषा कळतेच, शिवाय काही फॉन्टांत ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. जुना मजकूर श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये असेल तर तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, नुसता चिकटवला तर कचरा दिसतो. "मुक्त" (Mukta) किंवा नोटो सान्स देवनागरी यांपैकी एकच फॉन्ट, दोन जाडी, ओळींतले अंतर अक्षराच्या किमान दीडपट. नाही तर वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसतात.

हाळी_देणारा

प्रचाराचे कुणी नीट बोलले नाही, म्हणून लांबण लावतो.

सर्च कन्सोल (साइट गुगलवर कशी दिसते ते दाखवणारे गुगलचे साधन) पहिल्याच दिवशी. डीएनएसमध्ये टीएक्सटी नोंद घालून मालकी सिद्ध करा आणि साइटमॅप (पानांची यादी) द्या. फुकट आहे. लोक नेमके काय टाइप करून आले हे तिथेच कळते. आंब्याच्या बाबतीत मराठी माणूससुद्धा बहुधा रोमन लिपीत शोधतो: "देवगड हापूस ऑनलाइन पुणे" हे सगळे इंग्रजी अक्षरांत. म्हणून इंग्रजी पानही मनापासून लिहा, यंत्राने भाषांतर करून टाकू नका.

नवे पान गुगलवर स्थिरावायला तीन-चार महिने धरा. म्हणजे मोहर यायच्या सुमारास, नोव्हेंबरात, पान वर हवे. मार्चमध्ये टाकलेले पान जूनमध्ये दिसायला लागते, तोवर पाऊस. सगळ्यात मोठे नुकसान जूनमध्ये होते: हंगाम संपला म्हणून पान काढून टाकतात आणि पुढच्या वर्षी नव्या पत्त्यावर नवे करतात. एकच पत्ता ठेवा, त्यात वर्षाचा आकडा घालू नका, आणि हंगाम संपल्यावर तिथे "पुढच्या हंगामाची आगाऊ नोंद" असा फॉर्म लावा: नाव, मोबाइल, पिनकोड. ही यादी एजन्सीच्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये नको, तुमच्या स्वतःच्या शीटमध्ये हवी.

गुगल बिझनेस प्रोफाइल: फक्त ऑनलाइन विक्री करणाऱ्याला ते मिळत नाही. गिऱ्हाईक बागेवर येऊन पेटी नेऊ शकत असेल तर मिळते. पडताळणीला आता बहुधा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, बाग, पेट्या भरण्याची जागा, सगळे एकसलग, न कापता. पाटी नसली तर इथेच अडते, आधी पाटी रंगवा. प्रोफाइलसोबत फुकट मिळणारी वेबसाइट गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली. अजून कुणी ती करून देतो म्हणत असेल तर समजून घ्या. अभिप्राय मागा, पण त्या बदल्यात सूट देऊ नका. ते गुगलच्या नियमात बसत नाही आणि अभिप्राय उडतात.

जाहिरात करायचीच तर हंगामाचे सहा आठवडे, गुगल सर्चवर, ठरावीक शहरांत. मोहीम बनवताना डिस्प्ले नेटवर्कची (इतरांच्या साइटवर जाहिरात दाखवण्याची) खूण काढा. ठिकाणाच्या पर्यायात "त्या ठिकाणी असलेले" एवढेच निवडा. आपोआप लागलेल्या पर्यायात त्या ठिकाणात नुसता रस असलेलेही येतात, मग पुण्याविषयी वाचणारा दिल्लीकर तुमचे पैसे खातो. नको असलेल्या शब्दांची यादी पहिल्या दिवशीच भरा: कलम, रोप, रेसिपी, आमरस, लोणचे, फोटो, होलसेल, नोकरी. आणि ऑर्डर पूर्ण झाल्याच्या पानावरच मोजणी लावा. हिशेब सोपा आहे: एका पेटीमागे जाहिरातीला २०० रुपये परवडत असतील आणि पन्नास क्लिकमागे एक ऑर्डर येत असेल, तर क्लिकला ४ रुपयांवर जाता येत नाही. हंगामात एवढ्यात क्लिक मिळणे कठीण, म्हणून आधी साइटवर आलेल्यातले जास्त लोक ऑर्डर कशी देतील ते बघा.

त्यासाठी मजकूर. "१००% नैसर्गिक, कार्बाइडमुक्त" हे सगळेच लिहितात. कॅल्शियम कार्बाइडने पिकवायला कायद्यानेच बंदी आहे, त्यात विशेष काय सांगायचे? त्याऐवजी फळ किती ग्रॅमचे, कच्चे येणार की अर्धे पिकलेले, पेंढ्यात किती दिवस ठेवायचे, फ्रिजमध्ये कधी घालायचे हे लिहा. फोनवर जे प्रश्न रोज येतात तेच नेहमीच्या प्रश्नांच्या पानावर, त्याच शब्दांत.

लिंक शेअर केल्यावर दिसणारे चित्र १,२०० बाय ६३० पिक्सेलचे, ३०० केबीच्या आत. आंब्याची विक्री सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होते, तिथे हे चित्र म्हणजेच तुमचे दुकान.

पडवीतला

मंडळी, भरभरून मिळाले. कोटेशनला नकार कळवतो, यंदा स्थिर साइट. दोन शंका राहिल्या. कुरिअरचा खर्च भावात मिसळू की वेगळा दाखवू? आणि साक्याचे (आतला गर पांढरा, स्पंजासारखा निघण्याचे) काय करायचे? बाहेरून फळ चोख दिसते, कापल्यावर कळते. साइटवर त्याचा उल्लेख करावा की गप्प बसावे?

सोळा_आणे

पुणे-मुंबईला मिसळा आणि "घरपोच भाव" असे लिहा. शेवटच्या पायरीवर अचानक ३०० रुपये वाढलेले दिसले की गिऱ्हाईक तिथून उठते. बाकीच्या शहरांना वेगळा, पण भावाच्या पानावरच दिसेल असा.

मिसळण्याआधी पेटीचे माप घ्या. कुरिअरवाले खरे वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जास्त धरतात. सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५,०००. एक डझन २५० ग्रॅमची फळे म्हणजे ३ किलो, पण पेटी ४० बाय ३० बाय १८ ची असेल तर आकारमानाचे वजन ४.३२ येते आणि बिल बहुधा साडेचार किंवा पाचचे लागते. दोन डझनांची पेटी एकावर एक दोन थरांत बसवली तर हा फरक जवळजवळ जातो. कमीत कमी दोन डझन ही अट त्यासाठीही बरी.

हाळी_देणारा

साक्याचा उल्लेख कराच, नेहमीच्या प्रश्नांत वरच्या तिनांत. साका म्हणजे काय, तो बाहेरून का दिसत नाही, हे चार ओळींत, कापलेल्या फळाच्या फोटोसह. खाली नियम: पेटी पोचल्यापासून अमुक दिवसांत कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढ्या नगांचे पैसे पुढच्या पेटीत वळते किंवा यूपीआयने परत. मुदत ठरवताना फळ कच्चे जाते आणि पिकायला आठवडा-दहा दिवस लागतात हे धरा. "२४ तासांत कळवा" असे कुठल्या तरी साइटवरून उचललेले लिहिलेत तर तोवर कुणी फळ कापलेलेच नसते. पंधरा दिवस ठेवा, आणि व्हॉट्सॲपच्या ठरीव उत्तरांतही हाच मजकूर शब्दशः टाका, म्हणजे फोन घरात कुणीही उचलला तरी उत्तर एकच जाईल.